दोनशे रुपये कमी पाठव

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात
इर्शाद काझींच्या कचेरीत बसायला जागा नसते.
कूलरसमोरची खुर्ची तहसीलच्या बाबूंनी धरलेली.
मी जिन्यात उभी, हातात फॉर्म सोळा
आणि बँकेचा व्याजाचा दाखला.

दाखल्यावर अजून प्रणिता विश्वंभर दुधाटे,
पॅनकार्डावर प्रणिता नागोराव कच्छवे.
"दोघी तुम्हीच ना?" काझी चष्म्यावरून विचारतात,
चेष्टा न करता.
हो म्हणते. कागदोपत्री तरी.

कर्ज माझ्या नावावर, कारण नोकरी माझी:
जिल्हा परिषद शाळा, पिंगळी. गणित.
शिक्षण त्याचं. पुण्यात दोन वर्षं,
फी, खोलीचं भाडं, लॅपटॉप, एक कोट
मुलाखतीला घालायला.
कोट तिकडेच राहिला. तोही.

निकालपत्रात लिहिलंय,
उभय पक्षांचे एकमेकांकडे काही घेणे-देणे उरलेले नाही.
कोर्टात बँक आली नव्हती.
तिला कुणी नोटीसच काढली नव्हती.

"जुनी प्रणाली का नवी?
नव्यात दर कमी, पण ही सूट नाही.
जुन्यात राहिलात तरच मिळते."
राहू द्या जुन्यातच, मी म्हणते.
खाली पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत राहतो.

"सूट व्याजावर, मॅडम. मुद्दलावर नाही."
माहितीये. दरवर्षी ऐकते.
आणि आठच वर्षं. यंदाचं सातवं.
लग्न चार वर्षं दोन महिने.

"पण कर्ज मिस्टरांसाठी होतं, आणि आता ते…"
काझी थांबतात, तोंडातलं पान एका गालात सारतात.
"उचललं त्या दिवशी नातं होतं. मी तेच धरतो.
दुसरा माणूस दुसरं सांगेल. नोटीस आली तर या."

मग पासबुकाच्या उताऱ्यावरून सरकणारं बोट
एका ओळीवर अडतं.
"हे दर पाच तारखेला चार हजार तीनशे, कुणाचे?"

त्याचे.
मागितले नव्हते. येतात.
सोबत एकच शब्द असतो: हप्ता.

ते कॅल्क्युलेटर ओढतात, त्याआधीच मी सांगते,
वर्षाचे एक्कावन्न हजार सहाशे.
"पन्नासच्या वर गेलं की सगळंच उत्पन्नात धरतात.
नवऱ्याने लाख दिले तरी माफ,
नातेवाइकाच्या व्याख्येत नवरा बसतो.
पूर्वीचा बसत नाही."

पण हे तर त्याच्याच शिक्षणाचे?
"लढता येईल. लेखी काय आहे तुमच्याकडे?"

लेखी ती एकच ओळ. घेणे-देणे उरलेले नाही.

"मागच्या वर्षीचं दाखवून टाकू.
यंदा जरा कमी घ्या."
एप्रिलपासून चार हप्ते आलेत, सतरा हजार दोनशे.
उरलेले आठ जर चार हजार शंभरचे केले
तर बरोबर पन्नास हजार.
वर एक रुपया नाही.
काझी मान हलवतात, जसं पोरगं पहिलं आल्यावर हलवावी.

पिंगळीच्या फाटकाशी मालगाडी अडवून उभी.
स्कूटी बंद करून मी त्याचं नाव शोधलं.
आमच्यातला शेवटचा निरोप तीन वर्षांपूर्वीचा:
किल्ली शेजारी ठेवली आहे.
त्याच्या खाली लिहिलं,
दोनशे रुपये कमी पाठव.

रात्री साडेदहाला उत्तर आलं.
काऊन? फेडत आलं का?

मी शिल्लक आकडा लिहिला, पैशांपर्यंत. खोडला.
व्याजाचं विचारतोस की मुद्दलाचं, असं लिहिलं.
तेही खोडलं.
कूलरमध्ये पाणी टाकलं, झोपले.

सकाळी सातवीला सरळव्याज होतं.
फळ्यावर उदाहरण घातलं:
एका बाईने बँकेकडून कर्ज घेतले.
मुद्दल लिहिलं. मुदत, आठ वर्षे.
खडू हातात तसाच राहिला जरा वेळ.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
बाई, दर लिव्हायचा राहिला की.