माशा

जिंतूरला बसस्टँडकडून तिसरं दुकान आपलं.
दोर, दावी, वेसणी, ताडपत्री,
बैलांच्या गळ्यातल्या घंटा,
आणि मागच्या फळीवर गळ, जाळी, शिशाच्या गोळ्या.
तीन ते आठ कच्छवे बसतात.
महिना अडीच हजार, वर दोन चहा.

गिऱ्हाईक नसलं की लोक दुकानात माशा मारतात.
लिंबाजी कच्छवे माशा बांधतात.

गल्ल्याशेजारी छोटी पकड,
सायकलवाल्यानं वेल्डिंग करून दिलेली, तिच्यात गळ.
गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस,
शिंप्याकडचा रेशमी दोरा, शेळीचे चार केस,
शेवटी सुनेच्या नखपॉलिशचा एक थेंब.
चष्मा कपाळावर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात.
वाळलं की तळहातावर ठेवून पुढं करतात:
"शेट, उडंल का नै?"
खरंच वाटतं, पंखा लावू नये.

तीस वर्षं येलदरी धरणावर पट्टी वाचायची नोकरी.
पाणी इतकं मीटर, इतकं सेंटीमीटर,
रोज सहाला, वहीत, निळ्या शाईनं.
आकडा साहेबाचा. उरलेली सकाळ यांची.
वेळूची काठी स्वतः तासलेली,
आठ पदरी रेशमी दोरी मेणात मुरवलेली.
बदलून गेलेल्या कुण्या इंजिनिअरनं
एकदा मनगट धरून दाखवलं होतं म्हणे,
बाकी चुकत चुकत.

दुकानाला त्यांचा उपयोग किती, हा प्रश्नच आहे.
पोरगं दहा रुपयांचा गळ मागतं,
हे अर्धा तास गाठ शिकवतात.
मरळ कुठं लागंल विचारा, डोळे मिटून सांगतात:
बेशरमाच्या झुडपाखाली, ऊन कलल्यावर,
आन् सावली पाण्यावर पडू द्यायची नै.
स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र सुनेला विचारतात.

आषाढात औंढ्याकडचा एकजण टेम्पो घेऊन आला.
बारीक डोळ्याची जाळी, बारा नग, रोख.
कच्छवे म्हणाले, संपली.
गठ्ठा त्यांच्या डोक्यावरच होता, फळीवर.
"मासा गाभोळीवर हाय आता. भाद्रपदात या."

चौदा हजार!
रात्री मी हिशोबाची वही आपटली.
उद्यापासून येऊ नका, हे जिभेवर आलं होतं,
तेवढ्यात तेच म्हणाले,
"शेट, रविवारी चला येलदरीला."

गेलो. राग दाखवायलाच गेलो असेन.
दोरी त्यांच्या मागं उलगडायची,
हवेत थोडी थांबायची, काही आठवल्यागत,
मग पुढं, पाण्यावर, आवाज न करता.
तासभर एकही मासा नाही.
त्याचं त्यांना काहीच नव्हतं.
काठी माझ्या हातात दिली.
मी चाबकासारखी हाणली
आणि माशी बसली माझ्याच कानाच्या पाळीत.

ओरडलो.
त्यांनी दोन बोटांनी काढली, शेंगेतून दाणा काढावा तशी.
रक्ताचा ठिपका फक्त.
"उलटा काटा कानशीनं घासतो मी," म्हणाले,
"धरल्यावर सोडायचं असतंय ना."
आणि हसत सुटले, खाली बसून, गुडघे धरून:
"आज एवढाच लागला!"

ते अजून येतात, तीनला.
जाळी मी अजून विकतो.
औंढ्याच्या माणसाला फोनवर सांगतो, दोनच्या आत या.
तो येतो, गठ्ठा उचलतो, मी नोटा मोजतो
आणि मोजता मोजता हात पाळीकडं जातो.

तीनला कच्छवे फळीवरच्या मोकळ्या जागेकडं बघतात,
पट्टी वाचावी तसं.
बोलत काही नाहीत.
खिशातून पीस काढतात, पकडीत गळ अडकवतात.
मी उठून पंखा बंद करतो.