चष्मा

ग्रंथपाल दिनाच्या आदल्या दिवशी
पेपरातून फोटो काढायला पोरगा आला.
इंद्रजित नाव. सकाळपासून बंधाऱ्यावर
पंचगंगेचं पाणी टिपून आलेला,
बुटांचे ओले शिक्के दारापासून टेबलापर्यंत.
"ग्रंथपाल म्याडम कुठायत?" त्यानं मलाच विचारलं.
मी स्टुलावर, ओढणी कमरेला बांधून
खालच्या कप्प्यांतली पुस्तकं वर चढवत होते.
"मीच की."
तो वरमला. "तसं न्हवं ओ. वाटत नाही."

मला टेबलामागं बसवलं.
चष्मा? नाही, डोळे धड आहेत.
अंबाडा? केस उन्हाळ्यातच कापले.
"मग लोकांना कळणार कसं?"
त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि
खिडकीपाशी बसलेल्या नेमगोंडा काकांच्या नाकावरचा
चष्मा अदबीनं उचलून आणला,
दोरीसकट.
"आता बोट ओठांवर. जरा रागानं बघा."

काकांचा नंबर मोठा.
काचेतून कपाटं विरघळली,
पाठीवरचे आकडे सुटून तरंगायला लागले,
आणि मला तो पूर आठवला.

त्या रात्री मी बोट ओठांवर ठेवलं नव्हतं.
जिन्यावर तालमीची पोरं, अंगात बनियन,
आयुष्यात एकानंही कार्ड काढलेलं नाही,
हातातून हातात कोश जात होते गूळ-ढेपांसारखे
आणि मी गुडघाभर पाण्यात उभी राहून
बोंबलत होते: "आधी मोडीतली दप्तरं!
अरे, कादंबऱ्या राहू देत, त्या परत छापतात!"
घसा आठ दिवस बसला.
फोटो कुणी काढला नाही. लाईटच नव्हती.

मग दोन महिने पंख्याखाली
पानापानांत टाल्कम पावडर.
मेडिकलवाला म्हणाला, "एवढी पावडर?
बाळंतीण आहे काय घरात?"
म्हटलं, "आहे. चार हजार सहाशे पोरं झालीत."
अजून काही पुस्तकं उघडली
की बाळाचा वास येतो, खाली गाळाचा.

थोरली आत्या अजून म्हणते,
"बरं आहे बाई तुझं, सावलीत बसून पगार."
सावली आहे, खरंय.
पगार अनुदान आल्यावर.

"झालं," इंद्रजित म्हणाला,
स्क्रीनवर दाखवलंन्.
कोण ती बाई? शाळेत असताना
मी जिला घाबरायचे ती. बहुतेक तीसुद्धा
अशी नव्हती. तिलाही कुणीतरी
कुणाचा तरी चष्मा घातला असेल.

तो गेला. चष्मा काढताना
उजवी काडी माझ्या हातात आली.
स्क्रू टेबलाखाली, कुठं कोण जाणे.
काका पेपर मांडीवर घेऊन बसलेले,
एक शब्द बोलले नव्हते इतका वेळ.
"राहू दे गं. गुळाचा दर तेवढा बघ."
हंगाम नसला की दर छापत नाहीत.
अडतीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला
हे माहीत आहे. तरी रोज विचारतात.
"नाही आला काका."
"मग पाणी वाच."

काकांना ऐकू कमी येतं.
मी 'शांतता राखा'च्या पाटीखाली उभी राहिले
आणि दणदणीत आवाजात वाचलं,
"अडतीस फूट, नऊ इंच!
वरच्या धरणाचे दोन दरवाजे उघडले!"

अभ्यासिकेतल्या पोलीस भरतीच्या मुलींनी
माना वर केल्या.
एकीनं पेनाला टोपण लावलं.
"म्याडम, खालचे कप्पे किती राहिलेत?"
"सात."
काका आधीच उठले होते,
भिंत चाचपत, अंदाजानं, कपाटाकडं.

खुर्च्या सरकल्याचा
केवढा मोठा आवाज झाला.