इतिवृत्त लिहिणारी

शाळेच्या व्यायामशाळेत चौकशी भरली.
चढायचे दोर छताला तसेच लटकत होते.
सकाळचे अकरा, आणि बाहेर अंधार.
वेस्टरोलनला जानेवारीत सूर्य
क्षितिजाखालीच कूस बदलतो.

माझं काम लिहिण्याचं.
बोललं जाईल तेच. तितकंच.

'हावस्युला' पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
खडकावर चढली.
दिवे लागलेले, इंजिन चालू, सुकाणूवर आयलिफ.
पुढे दोर गुंडाळत होता यूस्ताइन, वय सतरा.
तो दोन दिवसांनी सापडला.

प्रश्न एवढाच, की सुकाणूवरचा माणूस
तिथं असून नेमका कसा नव्हता?

विम्याचे टेंगेन म्हणाले, गाफील.
बूदोहून विमानानं आणलेला, इस्त्री केलेला शब्द.
तो लागू झाला तर कंपनीचे पैसे वाचतात.
लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं,
हा शब्द वर्तमानकाळात स्वतःला लावता येत नाही.
'मी गाफील आहे' म्हणणारा
तेवढ्यात गाफील राहत नाही.
तो दुसऱ्यानं म्हणायचा, नंतर,
ओहोटी लागून खडक उघडा पडल्यावर.

डॉक्टर बोर्गनी म्हणाल्या, बेशुद्ध.
रक्ततपासणीचा कागद त्यांनी पुढे सरकवला.
केबिनमधली शेगडी, वास नसलेला वायू.
बेशुद्धाला कुशीवर वळवतात,
नाव घेऊन हाका मारतात,
शुद्ध परत आली की विचारतात, आता कसं वाटतंय?
गाफिलाला असं कुणी विचारत नाही.

संघाचे अध्यक्ष शेगडीबाबत अनभिज्ञ होते.
तसं त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं.

मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं,
आयलिफ महिनाभर बेभानच होता,
त्या ट्रॉम्सोच्या बाईपायी.
दोघं हसले. बेभान माणसाचा लोकांना
थोडा हेवा वाटतो,
मेलं कुणी नसेल तर.

रांगहिल्ड, यूस्ताइनची आई, विणकाम घेऊन आली होती.
तिनं एकच शब्द दिला, तोही आयलिफसाठी नाही.
"पोर अजाण होतं.
डोकं दुखतंय म्हणून फोन केला त्यानं संध्याकाळी.
त्याला वाटलं, बोट लागली."
अजाण हा शब्द एका वयानंतर मिळत नाही.
सतराव्या वर्षी मिळतो का, माहीत नाही.
मी तो जरा ठळकच लिहिला.

मग आयलिफ. त्यानं डॉक्टरांचा शब्द घेतला नाही.
"दीपस्तंभ दिसत होता मला," तो म्हणाला,
"दिसतोय हेही कळत होतं.
दिसल्यावर काय करायचं असतं,
तेवढंच आठवत नव्हतं."

माझं पेन थांबलं.
अधिकारी म्हणाले, "लिहा. नकळत."

किती हलका शब्द.
डोळे भरतात नकळत, दूध उतू जातं,
माणूस पन्नाशीला येतो,
बोट खडकावर जाते.
आत कुणी सापडतच नाही हात धरायला.
मी लिहिलं.

डिसेंबरात त्याच केबिनमध्ये
मी कॉफी प्यायले होते.
शेगडीची ज्योत पिवळी होती. निळी असायला हवी.
माझं डोकं जड झालं.
काचेवरच्या काजळीत मी बोटानं एक मासा काढला
आणि घरी जाऊन झोपले.

यालाही शब्द आहे. कानाडोळा.
कान आणि डोळे शाबूत असणाऱ्यांनाच जमतो.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?"
रांगहिल्डनं सुया थांबवून माझ्याकडे पाहिलं.
घड्याळाकडे पाहिलं असेल,
ते माझ्या डोक्यावरच होतं.

बोललं जाईल तेच लिहायचं.
लिहिणारीनं बोलायचं नसतं.

खुर्च्या सरकू लागल्या.
पेनाचं टोपण माझ्या डाव्या मुठीत होतं,
आणि मी ते लावत नव्हते.