झिबल कोतवालाची पांदण

"अंगावर लोखंड नाही ना?"
झिबल पेंदोरनं कमरेचा करगोटा चाचपला,
कानातली बाळी बायकोच्या ओच्यात टाकली.
डोंडीची टिपरी तेवढी सुटेना हातातून.
लाकडाचीच होती. तरी मी बाहेर ठेवायला लावली.

बत्तीस वर्षं गावाला आधी मराठीत, मग गोंडीत
तलाठ्याचं, पोलिओचं, पाणीपट्टीचं सांगणारा माणूस.
पोळ्याच्या आदल्या दिवशी
"उद्या सकाळी..." म्हणून थांबला चौकात.
शब्द आला नाही.
पोरं हसली. त्यानं डफडं पुन्हा वाजवलं.

मशीनच्या आत आरशात चित्रं येतात,
नाव मनात घ्यायचं, ओठ हलवायचे नाहीत.
छत्री. सफरचंद. जहाज.
जहाजाला पडद्यावर काहीच उजळलं नाही.
गुल्हाने मॅडम म्हणाल्या, गाठीनं खाल्लं का इथं?
मी म्हटलं, मॅडम, ह्यानं जहाज कुठं पाहिलं असंल!
फॉर्मच्या पाठीवर पेनानं बंडी काढली,
तीच दाखवली.
डाव्या कानशिलावर उजेड झाला,
चुलीत फुंकर घातल्यागत.

मग पाण्याची पाळी.
भाषेची वाट कोणाला दिसत नाही,
तंतूंमधलं पाणी कुठल्या अंगाला सरकतं
तेवढंच मोजता येतं,
रेघा त्यावरून ओढायच्या.
शिकताना मला हे जड गेलं नाही.
बाबा वावरात हेच सांगायचे:
पाणी कुठून गेलं ते पाय, चाकोरी तिथंच हाय.

हिरव्या, निळ्या, तांबड्या रेघांत
कानामागून वळून कपाळाकडे जाणारी एक,
विळ्यासारखी वाकडी.
ऐकलेलं बोलण्याकडे नेणारी पांदण.
गाठ तिच्या धुऱ्याला टेकलेली. आत नाही.
अजून.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, थांबत थांबत,
"माही गोंडी... कोन्त्या बाजूनं हाय?"
मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. मीही.
दोन्ही भाषा त्याच वाटेनं जात असतील,
एकीमागं एक, बंड्या जातात तशा.
किंवा नसतील.
गोंडीत आम्ही काही विचारलंच नव्हतं.
यादीच नव्हती.

पुढच्या पेशंटला अकरा मिनिटं होती.
त्याला परत आत सरकवलं,
राजूबाईला माइकपुढं उभं केलं.
तिनं पदर सावरला,
नदीपलीकडे हाक द्यावी तसं म्हणाली,
"येर!"
पाणी.

आणि झिबल, ज्याला ओठ हलवायचे नव्हते,
आतून केवढ्यानं ओरडला,
"येर!"

डोकं हललं. चित्र फाटलं. स्कॅन वाया.
मी तो पुसला नाही.