तक्रारीचा रकाना

शाळेच्या जिन्याखाली एक खोली आहे.
आधी तिथं फुटके तबले आणि गुंडाळलेले नकाशे असायचे,
आता एक खाट, ग्लुकोजचा डबा, गरम पाण्याची पिशवी
आणि मी.
दारावर पाटी : स्वास्थ्य एवं परामर्श.
मुली म्हणतात, पेटदर्दवाली मॅडम.

रजिस्टरात चार रकाने –
नाम, कक्षा, शिकायत, उपचार.
नववी ब ची हर्षाली बडगुजर, मंगळवारी : पोट.
पुढच्या मंगळवारी : पोट.
सात मंगळवार मी ओवा देत राहिले,
आठव्याला सुचलं वेळापत्रक बघायचं.
मंगळवार, तिसरा तास, हिंदी,
उभं राहून वाचन.

जूनमध्ये ती शिरपूरहून आली.
वडील देवास नाक्यावर ट्रकचे पाटे बसवतात.
बिजासन घाटात ती बसमध्ये बडबडत होती म्हणे,
खलघाटच्या पुलावर भावाच्या हातून
नर्मदेत नाणंसुद्धा टाकलं.
पुढचं काही तिच्या आईला आठवत नाही.
"इंदूर उना नि पोर चूप."

मी विचारलं, काय होतं गं?
मराठी ऐकून दचकली.
"माले कसंतरी व्हई ऱ्हायनं,"
आणि लगेच ओठ आत घेतले,
चुकून दुसऱ्याच्या घराचं दार ढकलल्यासारखे.

कसंतरी.
पेन उघडून बसले. काय लिहू?
घबराहट? मितली? बेचैनी?
प्रत्येक शब्द एक बोट मोठा
नाहीतर एक बोट लहान.

मी इथलीच, रामबागेतली.
"येऊन राहिले, करून राहिले" असंच बोलते.
पुण्याला नणंदेकडच्या पंगतीत एकदा
माझं वाक्य चटणीच्या वाटीसारखं
ताटाताटांतून फिरलं.
तेव्हापासून पुण्यात मी नुसती मान हलवते.

तुझं "व्हई ऱ्हायनं", माझं "होऊन राहिलं" –
म्हणजे नात्यातल्याच निघालो की आपण.
ती हसली नाही. दप्तरातून वही काढली.
लाल शाईत चौरसिया मॅडमचा शेरा :
उच्चारण में और चेष्टा करो।

"पोरी तं चेष्टा करतसच," ती म्हणाली.
"आते मॅडमनीबी लिखी दिन्हं, आखो करा."

मला हसू आलं, आणि लाजही वाटली त्याची.
पिशवीचं बूच पुन्हा पुन्हा आवळत
मी तिला सांगितलं, अगं, त्यांच्याकडे
चेष्टा म्हणजे प्रयत्न.
बराच वेळ ती त्या लाल अक्षरांकडे बघत होती.
मग म्हणाली, अन् आपल्याकडची चेष्टा,
तिले ह्या काय म्हंतस?

दुसऱ्या दिवशी चौरसिया मॅडम आल्या.
जिन्याखाली वाकूनच यावं लागतं. वाकल्या.
"बेटा, मैंने तो..."
पुढे वाक्य नव्हतं.
त्यांनाही कसंतरीच झालं असावं.
हर्षालीनं स्टूल पुढे सरकवलं.

सगळं सरळ झालं, असं नाही.
मंगळवार येतोच.
परवा अर्धं पान वाचलं तिनं,
मागच्या बाकानं तिचा एक "न"
तिच्याच आवाजात परत केला,
आणि ती खाली येऊन दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून पडली.
शेजारी अलीराजपूरची सुमली डावर होती,
जी भिलालीत रडते
आणि हिंदीत नाक पुसते.
दोघींनी एकच पांघरूण घेतलं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर उलटं-सुलटं केलं.
शिकायत में यह क्या है, क-सं-त-री?
और मॅडम, उपचार तो खाली है।

हो सर, खालीच आहे, मी म्हटलं,
जिन्याच्या.

त्यांना कळलं नाही.
हर्षालीला हे सांगितलं तेव्हा ती पाणी पीत होती.
नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी,
सुमली तिची पाठ थोपटतेय.

नाम : हर्षाली बडगुजर. कक्षा : नववी ब.
शिकायत : ठसका.