कात्रीत सापडलेली कात्री

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल निम्मा पुसलेला असतो,
आणि मी तिसऱ्या मजल्यावर
एका कात्रीकडे बघत बसलेली,
जी कुणाच्याच हातात नाही.

विषाणू पेशीत शिरतो तेव्हा
त्याच्याजवळ काही म्हणजे काही नसतं.
चूल नाही, भांडी नाहीत, सरपण नाही.
फक्त एक चिठ्ठी.
आपली पेशी ती वाचते
आणि सांगितलं तसं विणून देते:
एक सबंध ताका, न फाडलेला.
त्याच ताक्याच्या घडीत ती कात्री असते.
आधी स्वतःला कापून मोकळी होते,
मग ग्लुटामिन आणि ग्लायसिनच्या बरोब्बर मधून
बेतत जाते एकेक तुकडा,
आणि चटक लागल्यासारखी
घरातले पडदेही कापायला घेते.

पुस्तकात तिला यजमान पेशी म्हणतात.
माझी आत्या नवऱ्याला यजमान म्हणायची.
त्यामुळे लेख लिहिताना दर वेळी मला
पाटावर बसलेले, घोरपडे आडनावाचे,
पाहुण्याला आग्रह करकरून वाढायला लावणारे काका दिसतात;
आणि आत स्वयंपाकघर कधीच पाहुण्याचं झालेलं.

दोनशे बारा क्रमांकाचं संयुग चांगलं होतं.
एकशे सत्तेचाळिसाव्या जागेवरच्या सिस्टीनला
ते बाभळीच्या डिंकासारखं धरून बसलं.
पाती उघडीच राहिली.
मी टाळ्या वाजवल्या.
लादी पुसायला आलेल्या माणसानंही वाजवल्या,
का ते न विचारता.

मग निरोगी पेशींवर टाकलं, शुक्रवारी.
सोमवारी त्या तळ सोडून तरंगत होत्या.
आपल्या घरातही कात्र्या असतात ना,
जुन्या, रोजच्या,
जवळजवळ तशाच खोबणीच्या.
विषाणूच्या कात्रीत खडा कुणीही घालेल.
आपली चालू राहायला हवी,
तिथे आम्ही कात्रीत सापडतो.

घरमालकीण सेन्गा रॅट्रे. वय ब्याऐंशी.
तागाच्या गिरणीत चौदा वर्षं, मागांच्या खडखडाटात,
म्हणून ओठ वाचते.
मीही इचलकरंजीची,
मागांच्या आवाजातच शब्द शिकलेली.
आमच्या दोघींचे ओठ जरा जास्तच हलतात.
दारातूनच, आवाज न काढता, मी म्हटलं: मेल्या.
तिनं केटल ठेवली.

तिचा उजवा पाय मनगटाएवढा बारीक.
सत्तेचाळीसचा उन्हाळा, पोलिओ,
माझ्या कात्रीच्याच भाऊबंदांची करणी.
(सत्तेचाळीस, एकशे सत्तेचाळीस.
आकड्यांत अर्थ शोधू नये,
असं मी विद्यार्थ्यांना सांगते.)
ती म्हणाली, पायाचं लोखंड करणारा यायचा,
ठिगळं लावलेला कोट, खिशात फीत.
माप घ्यायला वाकायचा
तो आधी डाव्या पायापाशी.
आई चिडायची: अहो, आजारी पाय हा नाही!
तो म्हणायचा, बाई, ठाऊक आहे.
चांगल्या पायाचं माप आधी.

एवढंच बोलली. मग बातम्यांचा आवाज वाढवला,
जो तिला तसाही ऐकू येत नाही.

मी तीन आठवडे
आपल्याच कात्रीचं चित्र फिरवून फिरवून पाहत राहिले.
तिच्या खोबणीला डावीकडे एक भिंत आहे,
परक्या कात्रीला नाही.
दोनशे तेराला त्याच बाजूला एक कोपर दिलं आहे,
एक कार्बन, तीन हायड्रोजन.
आपल्या दारात ते अडावं,
तिकडे खुशाल आत जावं,
अशी अपेक्षा. अपेक्षाच.

पेशींवर टाकलं परवा.
आज रविवार. नदीवरून तिरपा पाऊस.
सेन्गा टेबलाशी मटार सोलतेय,
अधूनमधून एक तोंडात टाकते.
मान वर न करता, नुसत्या ओठांनी:
जगल्या?

उद्या, मी म्हणते.
तिनं पाहिलेलं नसतं.
मी जवळ जाते, समोर बसते,
पुन्हा म्हणते.