पंच क्रमांक दोन

ठाण्यासमोर पानठेला असला की
माणूस आपोआप पंच होतो.
फाटकातून लांजेवार हवालदार हाक मारतो,
"देवाजी, ये ना बाप्पा दोन मिनिट,"
मी हाताचा चुना फडक्याला पुसतो
आणि जातो.

अकरा वर्षं जातो आहे.
ठेला फुटपाथवर,
खर्ऱ्यावर बंदी, आणि खर्रा मी घोटतो,
हे त्यालाही माहीत, मलाही.
तो बोटानं खालची जागा दाखवतो.
वरचा कागद बरेचदा कोरा असतो.

आतिश उईकेचा कागद मात्र भरलेला होता.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
डांबरात चप्पल रुतत होती.
पोरगा धरमपेठेत कूलर दुरुस्त करायचा.
चोरीच्या नऊ मोटारी म्हणे त्यानं
नाग नदीच्या काठी, बाभळीखालून,
"आम्हा पंचांसमक्ष स्वखुशीने काढून दिल्या."
मी त्या दुपारी ठेल्यावरून हललो नव्हतो.
तो आत बाकावर बसला होता,
तळवे जमिनीला टेकू न देता.
मी ते पाहिलं.
पाहिलं, आणि सही केली.
कागदात जे आलं नाही
तेवढंच मी खरोखर पाहिलं होतं.

तीन वर्षं दोन महिने.
दोषी ठरला असता तर, वकीलबाई म्हणाल्या,
याच्या आधीच सुटला असता.
जामीन मिळाला होता, पंधरा हजारांचा.
आईकडे पंधरा हजारांचं माणूस नव्हतं.

कोर्टात वकीलबाईंनी विचारलं,
बाभूळ नदीच्या कोणत्या बाजूला होती?
मी वर पाहिलं. पंखा फिरत होता, वारा नव्हता.
आतिशची आई दाराशी उभी,
हातात डबा, जो त्याला देता येत नाही
हे तिला दर तारखेला नव्यानं सांगतात.
म्हणालो,
"मी तं खर्रा घोटून राहिलो होतो साहेब."
मागं कोणीतरी हसलं.
सरकारी वकील उठले. साक्षीदार फितूर.

खोट्याखाली सही केली तेव्हा
प्रतिष्ठित नागरिक होतो, राहणार पाचपावली.
खरं बोललो त्या मिनिटाला फितूर.
कोणाला फितूर, ते कोणी सांगितलं नाही.

वाटलं, लांजेवार आता ठेला उचलून नेईल.
तो रात्री साडेअकराला आला,
दगडावर बसला, बूट काढले.
पाय सुजलेले. त्याचेही.
"महिना संपला का वरून आकडा मागते," म्हणाला,
"मले बंदोबस्त शिकवला, लाठी शिकवली,
तपास कोणी शिकवला, सांग?
सोळा तास उभं ठेवते
अन् सतराव्या तासाले म्हणते, डोकं चालव."
खर्रा घेतला. वीस रुपये ठेवले.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
ती नोट मी अजून गल्ल्यात टाकलेली नाही.

निकाल लागला नाही. साहेबांची बदली झाली.
मध्ये मतदान झालं,
शाळेच्या रांगेत लांजेवार, आतिशची आई, मी,
तिघांच्या बोटाला एकच शाई.
आतिशच्या नाही.
आत असलेल्याला मत नसतं म्हणे,
गुन्हा ठरायचा असला तरी.

रात्री झोप नाही आली की हिशेब करतो.
आठवड्याला एक सही धरली,
अकरा वर्षं,
आकडा पाचशेच्या पुढं जातो, मी थांबतो.
माझ्या सहीच्या वर नंतर कोणाकोणाची नावं बसली असतील,
कोणाची आई डबा घेऊन कुठल्या दाराशी.

काल नवा शिपाई आला, विशीतला पोरगा,
"काका, इथं एक सही."
मी चश्मा लावला. म्हटलं, वाचून दाखव.
तो कागदाकडं पाहत राहिला, मग माझ्याकडं.
"काय वाचू काका?
अजून लिवलंच नाही."